समेटाच्या बांगड्या

“कासारणीला पुढं बसवा रे. द्वारकाबाई, हिरव्याच काढा. मापाच्या दोन डझन बाजूला ठेवा, म्हंजे भाषण झालं की लगेच उरकून टाकू,” बापू पिसाळ खुर्चीवरनंच म्हणाला.

त्याचं ते ‘उरकून टाकू’ मला तेव्हाही खटकलं होतं. पण खोटं कशाला बोलू, घाई मलाही होती. पलीकडच्या गावात सोमवारचा बाजार भरलेला. तिथली माझी झाडाखालची जागा मोकळी दिसली की लगेच कुणीतरी कंगवे-टिकल्या मांडून बसायचं, आणि इथं ह्या लोकांची भाषणं संपता संपेनात. मी पेटी उघडली, हिरव्या काढल्या आणि मनातल्या मनात बापूला दोन शिव्या हासडल्या.

कुरणवाडीच्या समाजमंदिरातली ही गोष्ट, पंधरा वर्षांपूर्वीची. गावात तेव्हा तंटामुक्तीचं वारं शिरलं होतं. बांधाचं भांडण असो, भाऊबंदकी असो नाहीतर नवराबायकोची मारामारी, सगळं गावातच मिटवायचं, पोलिसांत जाऊ द्यायचं नाही. समितीचा अध्यक्ष बापू. सरपंचकीला तीनदा पडलेला माणूस, त्यामुळे हे पद त्याला असं चढलं होतं की विचारू नका. ‘तंटामुक्त गाव’ अशी पाटीसुद्धा आधीच रंगवून घेतली होती आणि समाजमंदिराच्या भिंतीला उलटी टेकवून ठेवली होती. गुरुवारी तालुक्याचं पथक पाहणीला येणार होतं. तोवर गावात एकही तंटा उरता कामा नये, असा बापूचा हुकूम.

आणि नवराबायकोचा समेट झाला की त्या गावात एक रीत होती. सगळ्यांसमोर बाईच्या हातात हिरव्या बांगड्या भरायच्या. नवऱ्यानं नारळ द्यायचा, पंचांनी गुळाचा खडा. एकदा बांगड्या भरल्या की विषय संपला. त्यानंतर बाईनं मागचं काही काढलं तर तिलाच ऐकवायचे, “बांगड्या भरून घेतल्यास ना गावासमोर? मग आता कशाला कुरकुर?” ही रीत कुणी पाडली, देव जाणे. पण भरायला मी असायची. सात-आठ समेट तरी माझ्या हातानं झाले असतील. दरवेळी मी एक बांगडी वर जास्तीची भरायची आणि बाईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायची, “नांद बाई सुखानं.” लोकांना ते फार आवडायचं. मलाही आवडायचं, कशाला लपवू.

त्या दिवशीचा समेट होता हणमंत साबळेचा आणि त्याच्या बायकोचा, उर्मिलाचा. नाव ऐकलं तेव्हा मला हसूच आलं होतं. अगं बाई, ह्यांचा कसला आलाय तंटा! हणमंतासारखा हौशी नवरा माझ्या फिरतीच्या अकरा गावांत नव्हता. दर महिन्याला बाजारात माझ्यापुढं येऊन उभा राहायचा आणि बायकोसाठी डझनभर बांगड्या न्यायचा. कधीकधी रुमालात काचेचा तुकडा बांधून आणायचा, “असल्याच रंगाच्या द्या मावशी, तिला ह्याच आवडतात.” आता बांगडी ही कासाराकडनंच भरून घ्यायची चीज. नवरा बांगड्या घरी नेतो आणि आपल्या हातानं बायकोला घालतो, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी विचारलं तर लाजून म्हणाला होता, “मीच घालतो मावशी. हौस.”

माझं तर बाई काळीज विरघळलं. दोन वर्षं मी ह्या माणसाचं कौतुक गावोगाव करत हिंडले. बायकांचे हात हातात घेऊन सांगायची, “नवरा असावा तर कुरणवाडीच्या हणमंतासारखा.” माझ्या पोराला तर मी जेवता जेवता टोचायची, “लग्नाला चार वर्षं झाली, बायकोला एक टिकलीचं पाकीट तरी आणलंस का कधी? जा, हणमंताचे पाय धुऊन पाणी पी.” सून पदरात तोंड लपवून हसायची.

तर असा हा हणमंत, इस्त्रीचा शर्ट घालून, हात जोडून सभेत उभा होता. उर्मिला खांबाला टेकून बसली होती, दोन्ही हात पदराखाली घेतलेले. चार आठवड्यांपूर्वी ती अनवाणी माहेरी पळून गेली होती. आज तिचा भाऊ अंकुश तिला स्वतःच परत घेऊन आला होता आणि दाराशी उभा होता. कधी एकदा हे संपतंय आणि मी घरी जातोय, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

“हां, तर उर्मिलाबाईंचं म्हणणं असं की नवरा मारतो,” बापूनं सुरुवात केली. “बरं बाई, मारतो म्हंजे किती?”

पुरुषांच्या बाजूनं एकजण हसला.

“म्हंजे एखादी थप्पड, का आणि काही? घर म्हटलं की भांड्याला भांडं लागणारच. आमची आई तर रोज मार खायची, नव्वद वर्षं जगली!”

पुन्हा हशा झाला. बायकांच्या बाजूनंही झाला, आणि त्यात मी होते.

“चुकलंमाकलं असंल तर पदरात घ्या,” हणमंत म्हणाला. आवाज कसा अगदी मऊ. “रागाच्या भरात हात उठला असंल एकदा. पण तिची हौस मी कधी कमी केली न्हाई. दुसऱ्या कुणाला कशाला, हितं द्वारकामावशी बसल्यात, त्यांनाच इचारा.”

बापूला हे फारच आवडलं. “हां! बोला द्वारकाबाई. तुमी तर गावच्या नव्हं. तुमाला कुणाची भीडभाड न्हाई.”

आणि मी उठून उभी राहिले. कुणी बोल म्हटलं की मला राहवत नाही, ती खोड जुनीच. पदर खोचून, खणखणीत आवाजात मी सांगितलं, “हणमंताबद्दल मला विचाराल तर, असा नवरा मिळायला सात जन्मांचं पुण्य लागतं. दर महिन्याला डझन बांगड्या नेतो हा माणूस. एक महिना चुकला नाही. माझ्या अकरा गावांत असं दुसरं गिऱ्हाईक दाखवा, मी हा धंदा सोडून देते.”

टाळ्या पडल्या हो! हणमंतानं मान खाली घातली. मी खाली बसताना उर्मिलाकडं बघून हसले. तिनं माझ्याकडं जे बघितलं, ते अजून माझ्या अंगावर येतं. शेजारच्या कुत्र्यानं पोळी पळवावी तर त्याच्याकडंसुद्धा माणूस इतक्या तिरस्कारानं बघत नाही.

“झालं तुमचं?” ती म्हणाली. “आता भरा.”

ती सरकत माझ्या पेटीपुढं आली आणि तिनं डावा हात पुढं केला. गुळाची ताटली आली, नारळ आला. मी तिचा हात हातात घेतला.

आता आमच्या धंद्याचं तुम्हाला सांगते. बाईचं तोंड मी एकवेळ विसरेन, पण हात विसरत नाही. उर्मिलाचा हात दोन-चारच्या मापाचा. लग्नात चुडा मीच भरला होता. असा मऊ हात की अंगठ्याच्या मुळाशी जरा दाबलं की बांगडी सरकन मनगटात जायची. तोच हात त्या दिवशी मी दाबला, तर दबेना. अंगठ्याखालचं हाड वर आलं होतं आणि मनगट एका बाजूला वळून बसलं होतं. मी बांगडी अर्ध्यावर नेली, ती तिथंच अडली. उर्मिलानं दात आवळून श्वास घेतला.

“हात सैल सोड गं,” मी सवयीनं म्हटलं.

“सैलच हाय.”

मी तिची बाही जरा वर सारली. मनगटाच्या वर, जिथं बांगड्या हिंडतात तिथं, बारीक पांढऱ्या रेघाच रेघा होत्या. भाजी चिरायच्या पाटावर सुरीचे वार उठतात तशा. काही जुन्या, काही अजून लालसर. मी दुसरा हात ओढून घेतला. त्याच्यावरही तसंच.

काच मनगटातच फुटून रुतली की अशा रेघा उठतात. एखादी रेघ कुणाच्याही हातावर असते, माझ्याही आहे. पण कष्टाच्या बाईची बांगडी आज एक, चार दिवसांनी एक अशी जाते. धुणं धुताना उजव्या हातातली, भारा उचलताना डाव्या हातातली. दोन्ही हातांतल्या सगळ्या बांगड्या एकदम कशा जातील? महिन्याला डझन कशा जातील? तीस वर्षं मी ह्या धंद्यात होते आणि हा साधा हिशेब मला दोन वर्षांत एकदाही सुचला नव्हता. बायकोला भुंड्या हातानं पाण्याला पाठवलं तर बायका विचारणार, “काय गं, हात का मोकळे?” म्हणून हा दुसऱ्याच दिवशी माझ्याकडं पळत यायचा. म्हणून तुकडा दाखवून तोच रंग मागायचा. आणि म्हणूनच तिला कधी बरोबर आणायचा नाही, कारण ती आली असती तर तिचे हात मी बघितले असते.

मी तशीच तिचा हात धरून बसले.

“थांबलात कशाला?” उर्मिला खालच्या आवाजात म्हणाली. “भरा की. तुमचाच माल हाय. दोन वर्षं पुरवताय.”

“साबण लावा मावशी, जाईल,” हणमंत वरनं म्हणाला. “जरा हाताला सूज हाय तिच्या.”

“हात कधी मोडला?” मी विचारलं.

“गोठ्यात पाय घसरून—”

“तुला विचारलं का रे मी? तुझा हात आहे का हा?”

हणमंताचं तोंड जरा उतरलं. बापू खुर्चीत पुढं सरकला. “द्वारकाबाई, काय चाललंय? भरा आणि मोकळ्या व्हा. गुरुवारी पथक येतंय.”

“पथक गेलं खड्ड्यात,” मी म्हटलं. अर्धी अडकलेली बांगडी मी उर्मिलाच्या हातातनं हळूच मागं काढून घेतली आणि उठले. “हणमंता, इकडं बघ. आषाढात तू जांभळ्या नेल्यास. तुकडा घेऊन आला होतास. त्या आधीच्या कशा फुटल्या?”

“आता मावशी, कामाधामात—”

“भाकरी करपली हुती,” उर्मिला म्हणाली.

ती बसल्या जागेवरनंच बोलली, कुणाकडंही न बघता. मी पुढं विचारलं, “गौरीला डाळिंबी नेल्यास. तेव्हा?”

ह्यावर उर्मिला काही बोलली नाही. नुसती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आठवत नसेल.

“दसऱ्याच्या आधी लाल.”

“भावाला फोन केला म्हणून.”

अंकुश दाराशी उभा होता, त्यानं तोंड बाहेरच्या बाजूला फिरवलं.

“दिवाळीला मोरपंखी. दोनदा नेल्यास. आठ दिवसांत दोनदा! मी तुला म्हटलंसुद्धा, ‘काय रे, दिवाळी जोरात दिसतेय.’ तू हसलास.”

“पहिल्यांदा बांगड्या गेल्या,” उर्मिला म्हणाली. “दुसऱ्यांदा हात.”

“खोटं बोलतीय!” हणमंत ओरडला. तो मऊ आवाज कुठल्या कुठं गेला होता. “ह्या कासारणीला कुणीतरी फितवलंय. ए बाई, तुला बांगड्या भरायला बोलावलंय का माझ्या घरातलं उकरायला?”

“बांगड्या भरायलाच बोलावलंय ना? मग ये इथं, तू भर! घरी तूच भरतोस ना? हौस आहे ना तुला? ह्या मनगटातनं दोन-चारची बांगडी घालून दाखव सगळ्यांसमोर. बघू दे तुझी हौस!”

तो दोन पावलं माझ्यावर चालून आला. मी पेटीचं झाकण उचललं. आला असता तर मी ते त्याच्या डोक्यात घातलं असतं, आणि मला त्याचं काही वाटलं नसतं. पण चारचौघांत बाईवर हात टाकायची त्याची रीत नव्हती. तो थांबला.

“खाली बस हणमंता,” बापू म्हणाला. मग माझ्याकडं वळला. “द्वारकाबाई, आता माझं ऐका. तुमी बाहेरच्या. आमच्या गावचं आमी बघू. तुमी बांगड्या भरा, न्हाईतर ह्या गावात पुन्हा पेटी घेऊन पाय ठेवायचा न्हाई.”

“मघाशी तर म्हणालात, मी बाहेरची म्हणून माझं खरं. आता बाहेरची म्हणून माझं खोटं?”

“मी दुसरी कासारीण बोलवीन!”

“बोलवा. तिलाही हा हात दाखवा. आणि बापू, तुम्ही विचारत होता ना, मारतो म्हणजे किती? एवढं!” मी उर्मिलाचा हात धरून वर केला. तिनं तो रागानं सोडवून घेतला आणि पदराखाली नेला. बरोबरच होतं तिचं. मी तिला विचारलं होतं का?

बायकांच्या बाजूनं मला वाटलं होतं कुणीतरी उठेल. त्यातल्या एकेकीचा हात मी कितीदा धरला होता. कुणी उठलं नाही. उलट एका म्हातारीनं बोटं मोडली, “घर मोडलंस गं भवाने एका पोरीचं. तुझं वाटोळं हुईल.”

मी हिरव्या बांगड्या पेटीत टाकल्या आणि पेटी बंद केली. बांगड्या भरल्या नाहीत म्हणजे त्या गावच्या रीतीनं समेट झालाच नाही. बापूला ते चांगलं कळत होतं. तो कपाळाला हात लावून बसला होता.

बाहेर आले तर उर्मिला माझ्या आधीच रस्त्यावर उभी होती. अंकुश तिच्यावर खेकसत होता. “झालं समाधान? आता कुठं जाणार? घरी आई मला काय म्हणंल? तुझी वहिनी काय म्हणंल?”

“तुझ्याकडं येतच न्हाई,” ती म्हणाली. “तू जा.”

“जा काय जा? चारचौघांत माझं नाक कापलंस!”

“तुझं नाक हाय जागेवर. जा म्हटलं ना.”

तो खरंच गेला. फटफटीला लाथ मारली आणि धूळ उडवत गेला. सख्खा भाऊ. मग उर्मिला माझ्याकडं वळली.

“आत बोललात. पोलिसात बोलाल का?”

आता खरं सांगते, मी कचरले. समाजमंदिरात ओरडणं वेगळं. आमच्या धंद्यात बाई हात देते तेव्हा पोटातलंही सांगते. सासूचं, नवऱ्याचं, न झालेल्या मुलाचं. ते ऐकायचं आणि पेटीत बंद करायचं. माझ्या सासूनं मला पहिलं हेच शिकवलं होतं. कासारीण पोलिसांत घरातलं सांगते असा बोभाटा झाला की अकरा गावांत मला कोण हात देणार होतं?

“माझा बाजार आहे गं आज,” मी म्हटलं. हेच म्हटलं, शब्दन् शब्द.

“मग जावा. बाजार करा,” ती म्हणाली आणि चालायला लागली.

दोन्ही हात भुंडे, पायात कुणाच्या तरी मापाला मोठ्या चपला. सवाष्ण बाई अशा हातानं भर दुपारी गावातनं चालली होती आणि ओट्यावरचे लोक तिच्याकडं टकामका बघत होते. मी तिच्या पाठीकडं बघत उभी राहिले. मला तिचा राग आला, स्वतःचा आला, सासूचाही आला. मग पेटी डोक्यावर घेतली आणि शिव्या देत तिच्या मागं निघाले.

फाट्यावर माणशी भाडं घेऊन नेणारी वडापची जीप मिळाली. मागच्या बाकावर आम्ही दोघी शेजारी बसलो, मधे पेटी. तालुका येईपर्यंत ती बोलणार नाही असं मला वाटलं. निम्म्या वाटेत मीच तोंड उघडलं. “एवढं सोसलंस ते सोसलंस, पण एकदा माझ्याकडं यायचंस तरी. मी काय खाल्लं असतं तुला?”

तिनं मान फिरवून माझ्याकडं बघितलं.

“आले हुते.”

“कधी?”

“गौरीच्या आदल्या दिवशी. त्यो रानात गेला हुता, मी लपून आले बाजारात. तुमी गर्दीत हुता. मी हात पुढं केला, बाही वर केली. तुमाला म्हटलं, मावशी, जरा बघा की हे. तुमी हाताकडं न बघताच म्हणालात, ‘एवढा हौशी नवरा मिळालाय आणि तोंड कशाला पाडतेस?’ ”

“नाही गं,” मी म्हटलं. “मी असं—”

“थांबा. पुढं ऐका. दुसऱ्या दिवशी त्यो तुमच्याकडं आला. तुमी त्याला काय सांगितलं?”

आणि मला आठवलं. गौरीचा दिवस, सणाच्या बाजाराचा दुसरा दिवस, केवढी गर्दी, आणि हणमंत पेटीपुढं उभा, नुसता सहज आलेला. मीच हसत हसत त्याला हाक मारली होती. “काय रे, बायकोला काय त्रास देतोस का? काल आली होती माझ्याकडं, तोंड एवढंसं करून. काहीतरी दाखवत होती. जरा हौस कर तिची!” तो म्हणाला होता, “हो का? आली हुती का?” आणि तसाच परत गेला होता. संध्याकाळी बाजार उठायच्या वेळेला पुन्हा आला आणि डाळिंबी बांगड्या घेऊन गेला. मी म्हटलं, बघा, माझं लगेच ऐकलं पोरानं.

सभेत मी विचारलं तेव्हा ती का गप्प राहिली, ते मला त्या जीपमध्ये कळलं.

मी रडायला लागले. उर्मिलानं मला रडू दिलं. समजूत घातली नाही, हातही लावला नाही. थोड्या वेळानं म्हणाली, “रडून झालं की सांगा. ठाण्यात रडायचं न्हाई. तितं बोलायचं हाय.”

पुढं केस चार वर्षं चालली. दवाखान्यात हाताचा फोटो काढला, त्यात हाड चुकीचं जुळलेलं निघालं. हणमंताला शिक्षा झाली, पण पुरी भोगली नाही. कुरणवाडीची पाटी लागली, आमचा तंटा त्यांनी कागदावर दाखवलाच नाही. तीन गावांनी मला हात देणं बंद केलं आणि दोन गावांतल्या बायका उलट मुद्दाम माझ्याकडंच यायला लागल्या. उर्मिला आता तालुक्यालाच असते, एका वसतिगृहात स्वयंपाकाची सगळी जबाबदारी तिच्यावर आहे. रस्त्यात भेटली तर मान हलवते. त्यापलीकडं माझ्याशी बोलत नाही. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी ठाण्यात एक हवालदार बसला होता, जेवण होऊन सुस्तावलेला. उर्मिलाकडं बघून त्यानं आधी तेच विचारलं, “गावात समिती हाय ना? तितं मिटलं नाही का?”

“न्हाई मिटलं,” उर्मिला म्हणाली. “लिहून घ्या.”

“साक्षीला कोण?”

“मी आहे,” मी म्हटलं आणि पुढं झाले. पेटी खाली ठेवली. पदरानं तोंड पुसलं.

त्यानं नाइलाजानं कागद ओढला, पेन झटकलं. माझं नाव विचारलं, गाव विचारलं, वय विचारलं. मी सांगत गेले, तो लिहीत गेला. मग मान वर न करताच म्हणाला, “आणि ह्या बाईचं तुमचं नातं काय?”

मी उर्मिलाकडं बघितलं. ती समोर भिंतीकडं बघत होती.

“नातं काही नाही,” मी म्हटलं. “ही माझ्याकडं मदत मागायला आली होती, आणि ते मी तिच्या नवऱ्याला सांगितलं. हे आधी लिहा. बाकीचं मग सांगते.”